फलकावरचा आदर्श श्रोता

आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर, पाणीकपातीच्या नोटिशीशेजारी, माझा फोटो लावलेला आहे. तो कृपया काढावा.

फोटोखाली 'आदर्श श्रोता' असं लिहिलंय. त्यामुळे नवी लग्न झालेली मुलं लिफ्टमध्ये गाठून विचारतात, "काका, काकूंचं इतकं शांतपणे कसं ऐकून घेता?" मी नुसता हसतो. त्याला ते नम्रता म्हणतात! आता हे सहन होत नाही, म्हणून खरं काय झालं ते लिहून टाकतो.

महिला मंडळाने हॉलमध्ये 'सजग सहजीवन' नावाचा वर्ग ठेवला होता. दर रविवारी, जोडीने यायचं. मी म्हटलं, "या वयात काय सुधारायचंय?" आमची सुलभा गणिताची निवृत्त शिक्षिका. ती म्हणाली, "मला नाही सुधारायचं. तुमच्यासाठीच चाललोय."

वर्ग घेणारी मृण्मयी आमच्या नातीच्या वयाची. तिने सगळी जोडपी समोरासमोर बसवली. बायकांनी मनातलं पाच मिनिटं बोलायचं. नवऱ्यांनी मध्ये न बोलता, पूर्ण लक्ष देऊन ऐकायचं. पितळी वाटी टण्णकन वाजली आणि वर्षानुवर्षं तुंबलेल्या समस्त बायका एकदम सुरू झाल्या! माझ्या कानातल्या मशीनमध्ये मार्केट यार्डातला कांद्याचा लिलाव घुसला. मी खोकल्याचं निमित्त करून मशीन काढलं आणि खिशात टाकलं. आहाहा, काय शांतता! समोर सुलभाचे ओठ हलत होते, चेहरा गंभीर होता. मी मान डोलावली. दोनदा "हो" म्हणालो. शेवटी बरं दिसावं म्हणून डोळ्यांत थोडं पाणीही आणलं.

वाटी पुन्हा वाजल्यावर मशीन घातलं, तेव्हा मृण्मयी सांगत होती, "आता पत्नीचा हात हातात घ्या आणि म्हणा, तुझं म्हणणं पोहोचलं, मी तसंच वागेन." सगळ्यांबरोबर मीही म्हणालो. "आणि पुढच्या रविवारी प्रत्येक नवऱ्याने सर्वांसमोर सांगायचं, पत्नी काय म्हणाली आणि त्यावर आपण काय केलं!"

भर सभेत सुलभाची आणि माझी, दोघांचीही शोभा होणार होती.

घरी आल्यावर मी चाचपून पाहिलं. "काय गं, मघाशी तू जे म्हणालीस ना, ते अगदी पटलं."

"कुठलं?"

"सगळंच!"

"मग करा की सुरुवात," असं म्हणून ती भाजी निवडायला बसली. (या बाईने आयुष्यभर मुलांचे पेपर तपासलेत. उत्तर फुटू द्यायची नाही!)

शेवटी मी तर्क लढवला. मनातलं म्हणजे ती एरवी घरात जे बोलते तेच असणार. आठवायला बसलो, तर आश्चर्य म्हणजे सगळं आठवलं! म्हणजे इतकी वर्षं मला ऐकू येत होतं की! मग काय, स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करून घेतला. 'कधीतरी लागतील' म्हणून जपलेली वर्तमानपत्रं रद्दीत घातली. तिने काही म्हटलं नाही. म्हणजे अजून काहीतरी राहिलं होतं. राहिला होता तिचा दादा.

हे मेहुणे शनिवार पेठेत राहतात. एका दसऱ्याला मी त्यांच्याकडे जेवताना म्हणालो होतो, "श्रीखंड विकतचं दिसतंय." चक्का त्यांनी स्वतः टांगला होता! तेव्हापासून जाणं-येणं बंद. सुलभा एकटीच भाऊबीजेला जायची. शनिवारी मी त्यांची बेल दाबली. दार अर्धंच उघडलं.

"बोला. कोण गेलं?"

"कोणी नाही. श्रीखंड चांगलं होतं."

"केव्हाचं?"

"त्या दसऱ्याचं."

त्यांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "लवकर कळलं," ते म्हणाले. "चपला बाहेर काढा आणि आत या."

रविवारी मी उभा राहिलो. म्हणालो, "सुलभा म्हणाली, नळ बघा, रद्दी काढा आणि दादाशी बोला. तिन्ही कामं केली."

मृण्मयीने विचारलं, "काकू, हेच म्हणाला होतात?"

सुलभाने मिनिटभर माझ्याकडे पाहिलं. (मशीन कानात असूनही मला काही ऐकू येईना!) मग ती म्हणाली, "शब्दन् शब्द."

टाळ्या! फोटो! फलक!

रस्त्याने येताना मी विचारलं, "काय गं, नेमकं हेच म्हणालीस?"

"छे! मशीन खिशात जाताना दिसलं मला. मी पाढे म्हणत होते. बाविसापासून सुरू केले, एकोणतिसापर्यंत पोहोचले. सत्ताविसाच्या पाढ्याला तुमच्या डोळ्यांत पाणी आलं."

"अगं, मग सर्वांसमोर खोटं का बोललीस?"

"नळ गळायचा थांबला, रद्दी गेली, दादाचा फोन आला. माझं काय जात होतं? आणि भर सभेत तुम्हाला नापास करून घरी कोणाला आणायचं?"

तर हे असं आहे. हा मजकूर सोसायटीच्या अंकाला देण्याआधी मी सुलभाला वाचून दाखवला. तिने तो मध्ये न बोलता, पूर्ण लक्ष देऊन ऐकला आणि म्हणाली, "बरा लिहिलाय. पण नळ परत गळतोय. आणि या वेळी मी पाढे म्हणत नाहीये."

माझा हात आपसूक कानाकडे गेला.