पाटाला लावलेले बांधाचे दगड

कोरोनात इचलकरंजीचे माग बंद पडले आणि आमच्या भावकीतली पोरं मलकापूरकडच्या आमच्या गावात परत आली. एकेकाचं रान तुकड्याएवढं, त्यात घर कसं भागणार? शाळाही बंद होती. एका दुपारी मास्तरांनी वर्गात पांढरं कापड लावून एक जुना परदेशी सिनेमा दाखवला. काम गेलेली माणसं एका रानात मिळून शेती करतात आणि पीक वाळायला लागल्यावर लांबून पाट खणून पाणी आणतात. भाषा कळली नाही. खोरी-कुदळी कळल्या.

चार घरांनी ठरवलं, बांध मोडायचे, एकच रान करायचं आणि ओढ्यावरून पाट आणायचा. त्यात एक घर माझं, एक शेजारच्या धाकट्या चुलत जावेचं. दोघींचेही नवरे गेलेले.

पाटाच्या तोंडाला माती टिकेना. मीच म्हणाले, "बांधाचं दगड हाईत की. त्यास्नी आता काय काम?"

जाऊ हसली. "आक्का, दगड काढलासा तर उद्या भांडाय काय ऱ्हानार?"

"भांडायचं हाय व्हय तुला?"

"सवय मोडंल की माझी."

सासऱ्यांच्याही आधीपासूनचे ते खुणेचे दगड आम्ही पहारीनं उपटले आणि ढकलत पाटापर्यंत नेले. पाणी आलं तेव्हा सिनेमातल्यासारखं कुणी नाचलं नाही. जाऊ पाण्यात पाय सोडून बसली आणि म्हणाली, "बसा की वाईच." दोन वर्षं आम्ही एका रानात राबलो, दुपारी एकाच झाडाखाली भाकरी सोडली. तिची भाकरी जाड असायची. मी तोंडावर सांगायचे, तरी ती रोज मला त्यातली अर्धी द्यायची.

सिनेमा पाणी आल्यावर संपला होता. आमची गोष्ट पुढे चालली. इचलकरंजीचे माग सुरू झाले, पोरं कामावर गेली आणि घरांनी आपापलं रान परत मागितलं. बांध घालायला गेलो, तर दगड पाटात. ज्याला त्याला आपला बांध पाठ होता, पण एकाचं दुसऱ्याशी जुळेना. माझ्या मुलानं सरकारी मोजणी आणली. मोजणीत जावेचा फणस आमच्या हद्दीत आला. तिनं तो लग्नाच्या वर्षी लावला होता.

ती मुलाशी बोलली नाही. माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "आक्का, दगड कुठं हुता ते तुमास्नी ठावं हाय. सांगा की."

ठावं होतंच. दगड फणसाच्या अलीकडे, आमच्या अंगाला होता. मीच उपटला होता. मुलगा शेजारी उभा होता. मी म्हणाले, "मोजणीत आलंय ते खरं."

त्यानंतर ती आमच्या दारात आली नाही. मुलगा इचलकरंजीत असतो. फणसासाठी काही तो येत नाही.

यंदा झाड लगडलं. सगळ्यात मोठा फणस मी स्वतः उचलून तिच्या उंबऱ्यावर नेला. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या हद्दीतला हाय. घेऊन जावा."

परत आणला. मी तो कापला नाही. चार दिवस वास घरभर होता. मग म्हशीला घातला.