उणिवांचा रकाना

केशवराव नंदागवळी गुरुजींना ऐकू येत नाही, हे आमच्या शाळेत सगळ्यात आधी कळलं ते चौथीच्या मुलांना. त्यांनी ते कोणाला सांगितलं मात्र नाही.

मी चौऱ्याहत्तर साली तिथे रुजू झाले. कोंढ्यापासून सायकलने तासभर आत, धानाच्या बांध्यांमधून गेलेल्या वाटेवर ते गाव होतं. चार वर्ग, तीन शिक्षक. श्यामराव हेडमास्तर तिसरी घ्यायचे, पहिली-दुसरी माझ्याकडे, आणि चौथीवर केशवराव. माझ्या आणि त्यांच्या वर्गामध्ये एक कुडाची भिंत. त्यांचा आवाज मोठा होता, इतका की माझी पहिलीची पोरंही त्यांचे पंधरापर्यंतचे पाढे शिकली.

केशवरावांचे वडील मजूर होते. छप्पन साली सगळ्या वस्तीने बुद्धाचा धर्म घेतला, आणि दोन वर्षांनी केशवराव मास्तर झाले. त्या वस्तीतले पहिलेच. अक्षर असं, की गावातल्या लग्नपत्रिकांचा मजकूर त्यांच्याकडूनच लिहून घेत. पासष्ट साली त्यांना क्षय झाला. वर्षभर इंजेक्शनं घेतली, बरे झाले, पुन्हा शाळेत आले.

शिकवण्याची त्यांची एक पद्धत होती. प्रश्न विचारला की मुलांनी तोंडाने उत्तर द्यायचं नाही, पाटीवर लिहून पाटी वर धरायची. चाळीस पाट्या एकदम वर. गुरुजी एका नजरेत पाहायचे आणि म्हणायचे, "दुसऱ्या रांगेत तिघं चुकले." अड्याळहून येणारे विस्तार अधिकारी पुंडलिकराव यांना हे फार आवडलं होतं. त्यांनी शेरेबुकात लिहिलं, की सर्व मुलांचा सहभाग घेणारी ही पद्धत इतर शाळांनी पाहण्यासारखी आहे. दोन शाळांचे शिक्षक खरंच पाहून गेले. मीही माझ्या वर्गात सुरू केली.

मूल वाचायला उभं राहिलं की गुरुजी अगदी त्याच्यासमोर जाऊन बसत. घंटा झाली की त्यांचा हात फळ्यावर चालूच राहायचा, मग मुलं दप्तरं आवरताना दिसली की तेही खडू ठेवायचे. मी सात वर्षं हे रोज पाहत होते. माणूस कामात बुडालेला आहे, एवढाच अर्थ मी लावला.

एक्याऐंशीच्या नोव्हेंबरातली गोष्ट. धान कापणीचे दिवस होते, वर्गात निम्मीच मुलं. चौथीच्या वर्गात मागच्या बाजूला सागवानी अलमारी होती, तिचा एक पाय उधळीने, म्हणजे वाळवीने, खाल्लेला. गावातल्या मंगरूची मुलगी रुखमा पाट्या काढायला तिकडे गेली आणि अलमारी तिच्यावर आली. तो धडाका आणि तिची किंकाळी माझ्या वर्गात ऐकू आली. मी हातातलं पुस्तक टाकून धावले, ओसरीला वळसा घालून त्यांच्या दारात पोचले. गुरुजी पाठमोरे होते. फळ्यावर तिसरं उदाहरण लिहीत होते.

पोरगी ओरडत होती, चार मुलं अलमारी उचलायला झटत होती, आणि ते लिहीत होते. उदाहरणाखाली रेघ ओढली, भागाकाराचं चिन्ह काढलं. मग एका मुलीने जाऊन त्यांचा सदरा ओढला. ते वळले. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. आधी त्यांनी मला पाहिलं, मग माझ्या नजरेमागून मागे पाहिलं.

रुखमाचा उजवा हात अलमारीखाली चेंगरला होता. बैलगाडीने कोंढ्याला नेलं, तिथून भंडाऱ्याला. हात वाचला, पण दोन बोटं पुढे कधी सरळ झाली नाहीत.

मंगरूने एका शब्दानेही दोष दिला नाही. तो शाळेत आला तेव्हा गुरुजी त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले. मंगरू म्हणाला, "तुमचा काय दोष जी, गुर्जी? अलमारीच सडली होती." गुरुजींना ते ऐकू आलं नसावं. ते हात जोडूनच उभे राहिले. शेवटी मंगरूने त्यांचे हात धरून खाली केले.

त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर ते माझ्या वर्गाच्या दारात आले.

"बाई, तुमाले समजलं ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

"सहा-सात साल झाले. आधी पाखरं गेली, मंग बायकांचा आवाज, मंग पोट्ट्यांचा. आता ढग गरजला तर छातीत समजते, कानात नाही."

"मग सांगितलं काहून नाही?" मी विचारलं. त्यांनी डोळे बारीक केले. मी फळ्यावर लिहिलं.

ते वाचून म्हणाले, "आमच्या वस्तीतला पहिला मास्तर मी. तो बहिरा निघाला, असं लोकं म्हणतीन. दुसऱ्या कोण्या पोराले मंग कोण मास्तर करन?"

त्याच्या आदल्या वर्षापासून शिक्षकांसाठी एक नवा फॉर्म सुरू झाला होता, स्वयंमूल्यमापनाचा. दर मार्चमध्ये भरून द्यायचा. वर्षभरात काय शिकवलं, निकाल किती, कोणती साधनं वापरली, असे रकाने होते. सहाव्या रकान्यात होतं : 'स्वतःतील उणिवा, आणि त्या दूर करून व्यावसायिक विकास साधण्यासाठी पुढील वर्षाची उद्दिष्टे.' पहिल्या वर्षी श्यामरावांनी आम्हा दोघांना समोर बसवून तो रकाना सांगून लिहवून घेतला होता. "अक्षर सुधारणे, शैक्षणिक साधनांचा वापर वाढवणे, अवांतर वाचन करणे. लिहा, अन् मोकळे व्हा." ज्यांचं अक्षर गावात सगळ्यात चांगलं, त्या केशवरावांनीही 'अक्षर सुधारणे' लिहून दिलं होतं.

ब्याऐंशीच्या मार्चमध्ये ते फॉर्म घेऊन माझ्याकडे आले. बाकी सगळा भरला होता. सहावा रकाना कोरा.

"इथं काय लिहू, बाई?"

मी तेव्हा तीस वर्षांची होते. पुंडलिकराव भले माणूस आहेत हे मला माहीत होतं. नागपुरात बहिऱ्या मुलांची शाळा आहे, तिथे ओठ पाहून बोलणं ओळखायला शिकवतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. फॉर्म माणसाला सुधारायला मदत करण्यासाठी असतो, असं त्यावरच छापलेलं होतं, आणि माझा त्यावर विश्वास बसला होता. मी पाटीवर लिहिलं, 'खरं लिहा.'

त्यांनी पाटी वाचून खाली ठेवली. म्हणाले, "रुखमाचा हात मले रोज दिसते, बाई. खरंच लिहितो."

आणि त्यांनी लिहिलं. मी शेजारी बसून पाहिलं, म्हणून शब्द लक्षात आहेत. 'मला गेली काही वर्षे ऐकू येत नाही. ही उणीव मी लपवली, त्यामुळे एका विद्यार्थिनीस इजा झाली. पुढील वर्षभरात बोलणाऱ्याच्या ओठांवरून शब्द ओळखण्यास शिकेन. प्रशिक्षणास पाठवल्यास सुट्टीत स्वतः जाईन. तोपर्यंत माझ्या वर्गात दुसऱ्या शिक्षकाची नजर असावी, ही विनंती.'

श्यामरावांनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. "गुरुजी, हे कोणी लिहिते का?" कोरा फॉर्म पुढे करत ते ओरडून म्हणाले. "दुसरा फॉर्म देतो, अवांतर वाचन लिहा!" गुरुजींनी नकारार्थी मान हलवली.

पुंडलिकराव तपासणीला आले तेव्हा त्यांनी तो रकाना दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला. "वीस वर्षं झाली मला या नोकरीत," ते मला म्हणाले, "स्वतःची उणीव कोणी अशी खरी लिहिलेली पाहिली नाही." त्यांनी स्वतःच्या हाताने शिफारस जोडली. शिक्षक अत्यंत कष्टाळू, प्रशिक्षणास पाठवावे, पाटीपद्धत मार्गदर्शक. आम्ही वाट पाहू लागलो.

कागद वर गेला. तिथून कुठे कुठे फिरला, ते आम्हाला कधी कळलं नाही. पावसाळ्यात वैद्यकीय तपासणीचा हुकूम आला. मी आणि सुमनबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, दोघी त्यांना घेऊन भंडाऱ्याला गेलो. डॉक्टरांनी कानाशी लोखंडी नादकाटा वाजवून पाहिला, डोक्याच्या हाडावर टेकवून पाहिला. आतली नस गेली आहे, मशीनचा उपयोग नाही, असं ते म्हणाले. क्षय झाला होता का, असं विचारून पुढे सांगितलं, की त्या इंजेक्शनांनी काही जणांचे कान जातात. सुमनबाई म्हणाल्या, "त्या सुया मीच द्यायले लावल्या जी. हे तर नाहीच म्हणत होते." डॉक्टर म्हणाले, "सुया दिल्या नसत्या तर आज ते नसते, बाई."

नोव्हेंबरात पुंडलिकराव आले. तपासणीची तारीख नसताना आले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी केशवरावांना ओसरीवर बोलावलं. बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. ओरडून सांगितलं तरी त्यांना ऐकू जाणार नव्हतं, चारी वर्गांतली मुलं तेवढी ऐकणार होती. शेवटी त्यांनी खिशातून लिफाफा काढून पुढे केला.

अध्यापनास कायम अपात्र. रुग्णता निवृत्ती. प्रशिक्षणाचा, ओठांचा, पाट्यांचा त्यात उल्लेख नव्हता.

केशवरावांनी उभ्याउभ्या वाचलं. घडी केली. विचारलं, "सही कुठं करू, साहेब?"

ते तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते. बारा वर्षांची नोकरी बाकी होती.

निरोपसमारंभ झाला. सरपंच बोलले, श्यामराव बोलले. गुरुजी पहिल्या रांगेत हार घालून बसले होते. लोक टाळ्या वाजवत तेव्हा तेही वाजवत. स्वतःच्या कौतुकाला माणूस टाळ्या वाजवतो आहे, यावर मागे कोणीतरी हसलं. चौथीच्या मुलांपैकी कोणी हसलं नाही.

त्यानंतर दोन वर्षं मी त्यांच्याकडे फार गेले नाही. जाववत नव्हतं. माझ्या फॉर्ममध्ये मी दर मार्चला अवांतर वाचन आणि साधनांचा वापर लिहीत राहिले. माझा शेरा कायम 'चांगला' असायचा. आणखी एखादं लेकरू त्यांच्या पाठीमागे पडलं असतं तर, असं मी स्वतःला समजावायची. ते खरंही होतं. पण एक माणूस वर्गात बसवला असता तर एवढंही पुरलं असतं, हेही तितकंच खरं होतं.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात सुमनबाईंनी बोलावणं पाठवलं. मी गेले. गुरुजी अंगणात बाजेवर बसले होते, केस पांढरे झालेले. भिंतीला दाढीचा आरसा टांगला होता. सुमनबाई म्हणाल्या, "दोन साल झाले, रोज आरशासमोर बसून सोताच बोलते, सोताचंच तोंड पाहाते. मंग मले बसवते. मी बोलतो, ते ओळखते. तुमी पाहा."

गुरुजींनी मला अंगणाच्या पार टोकाला, फाटकाजवळ उभं राहायला सांगितलं. म्हणाले, "आवाज काढू नका. नुसतं बोला."

मी काय बोलावं ते सुचेना. ओठ हलवून म्हटलं, 'तुमच्या चौथीतला एक मुलगा यंदा मॅट्रिक झाला.'

"कोणता?" ते लगेच म्हणाले. "गोपीचंद काय?"

गोपीचंदच होता. मी तिथेच उभी राहून रडले. ते हसत होते. कितीतरी वर्षांनी मी त्यांना तसं हसताना पाहिलं. मग जवळ येऊन म्हणाले, "माहं उद्दिष्ट पूर्ण झालं, बाई. वर्षभरात करतो लिहिलं होतं, दोन साल लागले. आता कोणाले कळवाचं?"

आम्ही अर्ज केला. पुंडलिकराव तोवर निवृत्त झाले होते, तरी अड्याळहून येऊन त्यांनी मसुदा पाहून दिला. दिवाळीत उत्तर आलं. निवृत्त कर्मचाऱ्यास पुन्हा सेवेत घेण्याची तरतूद नाही. मी ते गुरुजींसमोर धरलं. त्यांनी वाचलं नाही, माझ्या तोंडाकडेच पाहिलं. म्हणाले, "राहू द्या, बाई. समजलं."

सत्याऐंशीत माझी बदली शहापूरला झाली. पुढच्या थंडीत कोंढ्याच्या बाजारात भेटलेल्या मंगरूने सांगितलं, की गुरुजी गेले. जुना आजार छातीत उलटला होता, आठ दिवसांत संपलं. मला कोणी कळवलं नाही, कारण पत्ता कोणाकडे नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी गावात गेले. घराचं दार उघडं होतं. सुमनबाई चुलीपाशी बसल्या होत्या. मला पाहून त्या उठल्या, पाट दिला, समोर बसल्या. आणि माझ्याकडे पाहून बोलू लागल्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला वाटलं रडून घसा बसला असेल. मी पुढे वाकले. तरी आवाज नाही. त्या सावकाश, एकेक शब्द नीट आकार देऊन काहीतरी मोठं सांगत होत्या. हातवारे करत होत्या, मध्येच थांबून मला समजलं का ते पाहत होत्या. मला एक शब्द कळला नाही.

मी त्यांचा हात धरला. "सुमनबाई, मला येत नाही हो ते."

त्या थांबल्या. मग पदराने तोंड पुसलं आणि घोगऱ्या, न वापरलेल्या आवाजात म्हणाल्या, "घरात आवाज काढाची सवयच राहिली नाही, बाई. चाय मांडू का?"