मस्कत ते सहार, अडीच तास

मस्कत नकाशावर कुठे आहे हे गिरीज गावच्या तेरेसाला सांगता आलं नसतं, पण ते मुंबईहून किती लांब हे मात्र तिला ऐकून ऐकून पाठ झालं होतं. धाकटा भाऊ जेम्स तिथे फिटर होता. सुट्टीवर आला की ओट्यावर पाय पसरून आल्यागेल्याला सांगायचा, "हजारेक मैल. पण विमान अडीच तासांत मुंबईला, सहारच्या विमानतळावर टेकतं. इथून ठाण्याला जाऊन यायला जास्त वेळ लागतो."

आई सुखावायची. "बोलावलं तर येशील ना रे?"

"तुझा भात शिजायच्या आत."

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर आईने अंथरूण धरलं. तेरेसाने लग्न केलं नव्हतं. केळीची वाडी आणि आई दोन्ही तिच्याच अंगावर. तिने जेम्सला तार केली. उत्तर आलं, रजा मिळत नाही. विमानाची घरघर ऐकली की आई मान दाराकडे वळवायची. तशीच ती गेली. पेटीला खांदा शेजारच्या प्लासिडने दिला.

काही दिवसांनी जवळच्या होळी गावातला आग्नेल भेटायला आला. तोही मस्कतलाच कामाला होता. चहा पिता पिता म्हणाला, "जेम्स आणि मी एकाच विमानाने आलो. त्याच्या मेहुणीचं लग्न होतं ना वांद्र्याला. शेवटी आईची भेट झाली असेल, नाही?"

तेरेसाने विचारलं, कधी आलात? आग्नेलने सांगितलं. तेव्हा आई जिवंत होती. तेरेसाच्या घशाशी आंबट आलं. ती मागच्या दारी जाऊन थुंकली आणि चूळ भरून परत आली.

आईला जाऊन महिना झाला तेव्हा चर्चमध्ये तिच्यासाठी ठेवलेल्या मिस्सेला जेम्स आला, अत्तराचा भपकारा सोडत. मिस्सेनंतर घरात पाहुणे जमले, तेव्हा घडी घातलेला रुमाल डोळ्यांना लावून म्हणाला, "बाय, तारेत नीट लिहायचंस. अडीच तासांत आलो असतो."

"आणि वांद्र्याहून किती वेळ लागतो रे?"

जेम्सने रुमाल खिशात घातला. मग हळूच म्हणाला, "लग्नघरातून आजारपणाकडे कसा येणार? सासरचे काय म्हणाले असते? लग्न उरकून येणारच होतो."

नाही म्हणाला असता, खोटं बोलला असता, तरी तिला इतकी किळस आली नसती. तिने त्याची बॅग उचलून ओट्यावर ठेवली. त्याने पाहुण्यांकडे पाहिलं. कुणी मान वर केली नाही. तो गेल्यावर त्याने टेकलेली उशी तिने विहिरीवर नेऊन घासली. अत्तर जाईना, तेव्हा फाडून कापूस वाडीत फेकला.

पुढे जेम्स कायमचा परतला आणि जवळच्याच गोखिवरे गावात राहू लागला. फादर समेटासाठी तेरेसाकडे आले. "माफ कर त्याला," म्हणाले.

"माफ केलंय, फादर," ती म्हणाली. "पण त्याच्या हातचं पाणी घशाखाली उतरत नाही."