ओटीपी काका

आईला हे माहीत नाही. माझ्या पोटात काही राहत नाही असं म्हणणाऱ्या मैत्रिणीलाही नाही – आणि हे मात्र चार वर्षं राहिलंय. मग तुम्हालाच का सांगतेय? खरं सांगू, तेही मला नीटसं कळलेलं नाही.

मी मोबाइल ॲप बनवते. ऑफिस बेलापूरला, घर करंजाड्यात. जिथे डिप्लोमा केला त्या कॉलेजात मला अधूनमधून बोलावतात. मुलं विचारतात – ताई, ॲप डेव्हलपर व्हायला काय लागतं? मी ऐटीत सांगते : एक भाषा पक्की करा, छोटी छोटी ॲप स्वतः बनवून बघा, चुका शोधायचा कंटाळा करू नका, आणि मुख्य म्हणजे वापरणाऱ्या माणसाकडे नीट बघा. मुलं लिहून घेतात. शेवटचं बोलताना माझी जीभ जरा अडखळते, पण ते कुणाच्या लक्षात येत नाही.

कारण मी ज्यांच्याकडे बघून शिकले ते माझे वडील. अण्णा.

अण्णा मूळचे साताऱ्याकडचे. कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर तीस वर्षं होते. ट्रक काट्यावर चढला की अण्णांनी आकडा बघून खणखणीत आवाजात म्हणायचा आणि आत बसलेल्या मुन्शीनं तो लिहून घ्यायचा. असं त्यांचं काम.

मी नोकरीला लागले तेव्हा प्रोबेशनवर होते. बाकीची सगळी मोठमोठ्या कॉलेजांतली, आणि मी त्यांच्यात जेमतेम. आम्ही ट्रक बुक करायचं ॲप बनवत होतो. मॅनेजर म्हणाले, प्रत्येकानं एका खऱ्या माणसाच्या हातात ॲप द्या आणि व्हिडिओ काढून आणा. मी कुठे बाजारात फिरणार? अण्णांनाच घरच्या सोफ्यावर बसवलं.

ओटीपी आला. तो खालच्या चौकोनांत टाकायचा, हे अण्णांना सुचलंच नाही. त्यांनी तो मोठ्यानं म्हटला. एकेक आकडा, खणखणीत. आणि थांबले – कुणीतरी लिहून घेईल म्हणून.

ऑफिसात तो व्हिडिओ लागला आणि हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. कुणी दुष्टपणानं हसलं का? तसं नाही म्हणता येणार. पण अण्णा असं का करत होते, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी सांगितलं? नाही. मूग गिळून बसले – छे, तेही खोटं, मी हसत होते. मॅनेजरनी विचारलं, हे कोण? "ओळखीचे एक काका," मी म्हणाले. लाज वाटली असेल का? कुणाची पण – अण्णांची, की माझ्या हसण्याची? यातल्या एकावर बोट ठेवून मला अजून सांगता येत नाही.

मग ओटीपी आपोआप भरला जाईल अशी सोय मी दोन दिवसांत करून टाकली. मॅनेजर खूश. ही मुलगी माणसं ओळखते, असं माझं नाव झालं. प्रोबेशन संपायच्या आतच मी कायम झाले.

आमच्या कामात एक रीत असते. ॲप कुणासाठी बनवतोय हे विसरू नये म्हणून एका माणसाचा फोटो भिंतीवर लावायचा. आमच्या भिंतीवर अण्णा लागले. खाली नाव – ओटीपी काका. नवीन काही बनवलं की कुणीतरी विचारणारच, "ओटीपी काकांना जमेल का?" मीही विचारायचे. घरी सांगितलं होतं की व्हिडिओ सगळ्यांना फार आवडला. अण्णांनी ते अख्ख्या सोसायटीला ऐकवलं.

पण मी हे सांगायला बसलेले नाही. इथपर्यंतचं तर चहा पिता पिता कुणालाही सांगता येईल. मी उगाच लांबण लावतेय.

त्यानंतर तीन वर्षांनी. ॲपचं नवं व्हर्जन जायचं होतं आणि ज्या जुन्या फोनवर मी सगळं तपासून बघते तो घरीच विसरला. मी घरी कळवलं, तर अण्णा म्हणाले, मी आणतो की. इस्त्रीचा शर्ट घालून बसनं आले. मी खाली उतरले, तर लिफ्टमध्ये माझ्याबरोबर मिताली – टीममधली सगळ्यात नवी मुलगी. दार उघडलं आणि ती ओरडलीच, "अरे, ओटीपी काका! हे इथे कसे?"

हे नाव अण्णांनी पहिल्यांदाच ऐकलं.

माझे वडील – दोनच शब्द होते. किती वेळ लागतो? तेव्हा माझी नोकरी पक्की होती, मिताली माझ्याच हाताखाली. ती उलट खूशच झाली असती. मग कशाला घाबरले मी? आता वडील म्हणायचं, तर आधीच्या तीन वर्षांचं काय सांगायचं – असलं काहीतरी डोक्यात आलं. की हे मी नंतर जुळवलंय? माहीत नाही. तोंडातून निघून गेलं, "टेस्टिंगला बोलावलंय त्यांना."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नीट, डोळे बारीक करून. मग मितालीला म्हणाले, "हां, टेस्टिंगलाच आलोय. मॅडमनी बोलावलंय."

फोन त्यांनी मला दोन्ही हातांनी दिला, परक्याला देतात तसा. मितालीनं त्यांच्याबरोबर सेल्फी काढला, त्यात ते हसलेसुद्धा. "येतो मॅडम," म्हणाले आणि गेले. मी त्यांना पाणीही विचारलं नाही.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा वाटत होतं, आता बोलतील. बोलावं, असंच वाटत होतं. अण्णा बाल्कनीत पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. मी समोर बसून एक शेंग उचलली. त्यांनी आधी आई स्वयंपाकघरातच आहे ना ते बघितलं. मग आवाज खाली आणून मला विचारलं, "नीट बोललो न्हवं मी? तुला काय अडचन न्हाय ना झाली?"

"नाही अण्णा," मी म्हणाले. "नीट बोललात."