साडेछत्तीस मीटरांवरचं हरीण

माझ्या धनुष्याच्या साइटवर पांढऱ्या चिकटपट्टीचे दोन बारके तुकडे आहेत. दोन्हींवर भीमरावांच्या अक्षरात तेच चार आकडे: वीस, तीस, चाळीस, पन्नास. अक्षर इतकं नेटकं, की छापील वाटावं. दुसऱ्या तुकड्यावर एक शब्द जास्त आहे. पहिला तुकडा मी केव्हाच सोलून टाकायला हवा होता, पण हात धजत नाही.

भीमराव ओव्हाळ मूळचे बोपोडीचे. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेज तपासायचे. मुलगा सिंगापूरला येऊन एका लहानशा कंपनीत वजनकाटे आणि प्रेशर गेज तपासायला लागला. "आमचं घराणंच मापाचं," असं म्हणून ते स्वतःच हसायचे. यिशुनला दहाव्या मजल्यावर फ्लॅट, सरलावहिनी, आणि एकता नावाची कॉलेजला जाणारी मुलगी. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र 'कॅन लाह'च्या सिंगापुरी इंग्रजीत यायचं. मी मरीन परेडच्या कॉन्डोत राहणारा, रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत सिस्टिम सांभाळणारा, शनिवार पेठेतला सुबोध. आमची गाठ पडायचं कारण नव्हतं. पडली ती धनुर्विद्येच्या क्लबात.

गंमत अशी, की भीमरावांचा स्वतःचा नेम बेताचाच होता. मनगट दुखायचं, दहा बाणांनंतर हात थरथरायला लागायचा. पण दुसऱ्याच्या धनुष्याची साइट लावून द्यावी तर त्यांनीच. साइट म्हणजे एक गोल कडं, त्यात एकाखाली एक रंगीत पिना. वरची पिन जवळच्या अंतराची, खालची लांबच्या. आधी वीसची पिन लावायची. तीन बाण मारायचे, एकावर कधी भरवसा ठेवायचा नाही. बाण जिकडे गेले तिकडे पिन सरकवायची. ते खाली लागले तर पिन खाली. आपलं मन म्हणतं उलटं करावं, आणि इथेच सगळे नवखे फसतात. मीही फसलो होतो. भीमराव खिशातून षट्कोनी चावी काढून म्हणाले, "सुबोध, बाणाशी भांडू नका. तो जातोय तिकडे जा." मला राग आला होता, कारण ते बरोबर होते.

मोबदला म्हणून ते एक कोपी-ओ, म्हणजे इथली काळी कॉफी, घ्यायचे, तीही बिनसाखरेची.

दोन हजार चौदाच्या मार्चमध्ये मी न्यूझीलंडला हरणाच्या शिकारीला जायचं ठरवलं. ऑफिसातल्या एका कीवी माणसाने नाद लावला होता. मी भीमरावांना म्हटलं, चारही पिना नव्याने लावून द्या. त्यांनी षट्कोनी चावी परत खिशात टाकली. दर रविवारी घरी वंदना करणारा, पंचशील म्हणणारा माणूस. मग म्हणाले, "मटण मीही खातो, ढोंग कशाला करू? पण मी आजवर कागदावर मारायला पिना लावल्यात." मी म्हटलं, "मग कागदासाठीच लावा. पुढचं पाप माझं." किती सहज म्हणालो! जीभ उचलून टाळ्याला लावायला काय जातं?

त्यांनी लावल्या. अख्खा शनिवार घालवला. चाळीसला तर नऊ बाण माझ्याकडून मारून घेतले. शेवटी चिकटपट्टीवर चार आकडे लिहिले आणि ती कड्याला डकवली.

आता जे घडलं ते सांगतो. दुपार होती, उतारावर पिवळं गवत, आणि समोर एक मादी, आडवी उभी. माझ्या हातात अंतर मोजायचं लेझर यंत्र होतं, अमेरिकेतल्या भावाने पाठवलेलं. त्याने दाखवलं चाळीस. मी तिसरी पिन छातीवर ठेवली आणि बाण सोडला. बाण चार बोटं वर लागला. हरीण उडालं, पाठीत बाण घेऊनच झाडीत शिरलं. सापडलं नाही.

परत आल्यावर क्लबात मी हा किस्सा रंगवून सांगितला. चुकलेल्या शिकारीचा किस्सा नेहमी चांगला जमतो. सगळे हसले. भीमराव कोपीचा कप खाली ठेवून म्हणाले, "चार बोटं वर? वारा होता?"

"नाही."

"यंत्रावर चाळीसच्या पुढे अक्षर कोणतं होतं?"

मी यंत्र बॅगेतून काढलं, बटण दाबलं. आकड्याशेजारी बारीकसं वाय होतं. यार्ड. आमच्या क्लबात सगळं मीटरमध्ये, पिना मीटरच्या, पट्टी मीटरची. अमेरिकेतलं यंत्र यार्डांत बोलत होतं. चाळीस यार्ड म्हणजे साडेछत्तीस मीटर आणि वर थोडं. ते हरीण मी समजलो त्यापेक्षा जवळ उभं होतं.

"अरे, मीच बघायला हवं होतं," मी म्हटलं. पण भीमराव पट्टीकडे बघत होते. कामावर ते नव्या पोरांना शिकवायचे, एकक नसलेला आकडा म्हणजे नुसता आवाज. एकक नसलेला रिपोर्ट त्यांनी बॉसच्या तोंडावर परत केला होता. आणि इथे स्वतःच्या हाताने चार आकडे लिहिले होते, एकक न लिहिता.

"शोधलंत किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"अंधार पडेपर्यंत," मी म्हणालो.

हे खोटं होतं. पाऊस लागला, वाटाड्याने घड्याळ बघितलं, मलाही थंडी वाजत होती. आम्ही चाळीस मिनिटं शोधलं.

त्यानंतर भीमराव क्लबात यायचे थांबले. मला वाटलं, मनगट दुखत असेल. महिनाभराने मॉलमध्ये सरलावहिनी भेटल्या. म्हणाल्या, "भाऊजी, यांना काहीतरी झालंय. समोरच्या लिफ्टने जातच नाहीत. बाजार घेऊन यायचं तरी पार मागच्या लिफ्टने वळसा घालून येतात." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "टेप घेऊन कॉरिडॉर मोजला त्यांनी. आमच्या दारापासून लिफ्टपर्यंत सदतीस मीटर भरला. म्हणतात, लिफ्टच्या अलीकडे ते उभंय."

"कोण?"

"कोण म्हणजे? तुमचं हरीण."

मला हसू आलं नाही. अंगावर काटा आला, भर दुपारी, एसीत, केळ्यांच्या ढिगाशेजारी.

मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी स्वतःच विषय काढला. शांतपणे, एखादं यंत्र का बिघडलं ते सांगावं तसं. ते भुताखेतांवर विश्वास ठेवत नव्हते. त्यांना माहीत होतं की तिथे काही नाही. "पण सुबोध, मी दार उघडलं की ते मान वळवतं. पाठीत बाण असतो. अंगावर येत नाही, पळत नाही. वाट बघतं नुसतं." एकता आतून म्हणाली, "पप्पा, देअर इज नथिंग देअर, लाह." ते म्हणाले, "हो बाळा, माहितीये." आणि मला सोडायला मागच्या लिफ्टपर्यंत आले.

एवढं सगळं होऊन मी दुसऱ्या वर्षी परत बुकिंग केलं. का, ते विचारू नका. हट्ट म्हणा, मस्ती म्हणा. पिना क्लबातल्या एका उत्साही प्राण्याकडून यार्डात लावून घेतल्या. मग धनुष्य घेऊन मुद्दाम यिशुनला गेलो. मला त्यांना दाखवायचं होतं, की बघा, आता चूक होणार नाही.

त्यांनी धनुष्याला हात लावला नाही. चष्मा कपाळावर चढवून नुसतं कड्यात पाहिलं. "हे कोणी केलं?"

"का?"

"वरून खाली जाताना पिनांमधली फट वाढत गेली पाहिजे. बाण लांब जाईल तसा जास्त पडतो. इथे खालची फट वरच्यापेक्षा लहान आहे. या माणसाने एकेक बाण मारून पिना लावल्यात." ते खुर्चीत मागे टेकले. त्यांचा चेहरा बघून मला माझीच शरम वाटली. "तुम्ही जाणारच?"

"पैसे भरलेत."

मला कळत होतं त्यांच्यापुढे काय आहे ते. पिना तशाच सोडल्या तर आणखी एक हरीण अर्धमेलं होऊन झाडीत जाणार. नीट लावल्या तर ते मरणार, आणि मारण्यात त्यांचा हात असणार, समजून उमजून. एक शब्द मी बोलायला हवा होता, 'नाही जात'. तो बोललो नाही.

"उद्या क्लबात या," भीमराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेपने जमिनीवर खुणा केल्या. तिसऱ्या खुणेशी, साडेछत्तीस मीटरांच्या जरा पुढे, त्यांचा हात थबकला. मग ते उठले आणि म्हणाले, "मारा." बारा बाण मारून घेतले. फटी एकेक करून मोजल्या. शेवटी नव्या पट्टीवर चार आकडे लिहिले आणि त्यांच्यापुढे ठळक अक्षरात 'यार्ड'. कोपी घेतली नाही.

न्यूझीलंडात या खेपेला हरीण तीस यार्डांवर उभं होतं. बाण जिथे लागायला हवा तिथे लागला. हरीण वीस पावलं गेलं आणि कोसळलं. मी डोंगरावरून फोन केला. "भीमराव, लगेच गेलं. काही सेकंद."

"पावलं मोजलीत?"

"मोजली. वीस."

"बरं." मग थांबून म्हणाले, "आणि ते पहिलं? कुठे दिसलं का?"

वर्ष उलटून गेलं होतं. मी म्हटलं, "नाही."

"असू दे. तुम्ही अंधार पडेपर्यंत शोधलं होतंत. तेवढंच बरं वाटतं मला."

बुद्धपौर्णिमेला त्यांनी खीर खायला बोलावलं. हॉलमध्ये चारपाच कुटुंबं, पांढरे कपडे, मेणबत्त्या, अगरबत्ती. सगळे पंचशील म्हणायला लागले. मी भीमरावांच्या शेजारी बसलो होतो. पहिलं शील, प्राणिहत्येपासून दूर राहण्याचं, सगळ्यांनी म्हटलं. भीमरावांचे ओठ मिटलेले होते. दुसऱ्यापासून त्यांचा आवाज लागला, खणखणीत. पलीकडून सरलावहिनींनी माझ्याकडे पाहिलं. आता ते दर रविवारी चारच म्हणतात, असं त्यांनी नंतर खीर वाढताना सांगितलं.

चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते मला म्हणायचं नव्हतं, मी पाहुणा. तरी मी मान खाली घातली.

निघताना ते नेहमीसारखे मागच्या लिफ्टकडे वळले. मी दारातच थांबलो.

"भीमराव, आम्ही अंधार पडेपर्यंत शोधलं नव्हतं. पाऊस आला म्हणून परत फिरलो."

"किती वेळ?"

"चाळीस."

"चाळीस काय?"

"मिनिटं."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. "म्हणजे तुम्ही निघालात तेव्हा ते जिवंत असेल," एवढंच म्हणाले. मग चप्पल दारातच ठेवून अनवाणी समोरच्या लिफ्टच्या दिशेने चालायला लागले, वर्षात पहिल्यांदा. लिफ्टच्या जरा अलीकडे थांबले, आणि खाली वाकून शोधायला लागले.