श्वासाच्या मापाचं लोखंड

शेळगावात उसाच्या ट्रॉल्या बनवणारे झुंबरराव आयुष्यभर एकाच शत्रूशी लढले: घसरणारा माल. त्यांच्या ट्रॉलीतून ऊस रस्त्यावर सांडला असं सांगणारा माणूस इंदापूर तालुक्यात सापडला नसता. सापडला असता, तर झुंबररावांनी त्याला चहा पाजून ती ट्रॉली दुसऱ्याची असल्याचं पटवून दिलं असतं.

त्यांच्या मंडळी, बनाबाई, गोठ्यात वजनं उचलत. वजनं मुळात लेकीची, राजलक्ष्मीची. ती लग्न होऊन बारामतीला गेली आणि तिचा बार, प्लेटा अन् बेंच म्हशीशेजारी राहिले. लोखंड नुसतं पडून राहिलेलं बनाबाईंना बघवेना. आधी त्यांनी ते पुसलं, मग उचललं, पुढं सवय लागली. आता पंचावन्नाव्या वर्षी त्या बेंचवर उताण्या पडत, युरियाच्या पोत्याहून जड बार छातीपर्यंत आणत आणि आढ्याकडं ढकलून देत. झुंबरराव पहिल्यांदा बघायला उभे राहिले तेव्हा हातातला चहा निवून गेला. आपण चपला बाहेर काढल्यात हे त्यांना नंतर कळलं. गोठ्यात कुणी चपला काढत नाही.

काळजी मात्र होती. दिवसभर घरात दुसरं कुणी नसे. प्लेट घसरून पायावर पडली तर? झुंबररावांनी धंद्याला जागून उपाय केला. बारच्या दोन्ही टोकांना भोकं पाडून बोल्ट आवळले.

"आता भूकंप झाला तरी प्लेट हलायची न्हाय," ते म्हणाले.

हलली नाहीच. त्याच आठवड्यात विसरलेला टेप न्यायला ते दुपारी घरी आले, तर बनाबाई बेंचवर आणि बार त्यांच्या छातीवर. हात दमले होते. बार एका बाजूला कलवून प्लेटा खाली सोडाव्यात, तर बोल्ट पक्के. म्हैस शांतपणे रवंथ करत होती.

"बघत काय ऱ्हायलाय? धरा की!"

त्यांनी धरला. बनाबाई उठून बसल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या.

"मला काय ट्रॉलीत भरली व्हती व्हय? सांडू नये म्हून?"

"अगं, सोड की आता हे."

"सोडते. तुमी वेल्डिंग सोडा. त्यानं बी डोळं जात्यात."

झुंबररावांनी बोल्ट काढले आणि लोखंड कापायला घेतलं. बेंचच्या दोन्ही अंगांना खांब, खांबांना आडव्या भक्कम पट्ट्या. हात सुटले तर बार पट्ट्यांवर पडेल, माणसावर नाही. अडचण उंचीची होती. पट्टी वर लावली तर बार छातीला टेकेना, खाली लावली तर तिचा उपयोगच नाही.

"मी श्वास भरते तवा बघा," बनाबाई म्हणाल्या. छाती वर आली. "आता सोडते." खाली गेली. पट्टी या दोन्हींच्या मधोमध बसवायची होती.

गुडघ्यावर बसून, टेप धरून झुंबरराव "परत भर, परत सोड" म्हणत राहिले. इतका संसार झाला, पण आपली बायको श्वास घेते तेव्हा केवढी होते हे त्यांनी कधी मोजलं नव्हतं. आजवर एकाही ट्रॉलीनं त्यांच्याकडं अशी मागणी केली नव्हती.

नवी ट्रॉली पहिल्यांदा भरली की मोटरसायकलवर तिच्या मागोमाग साखर कारखान्याच्या काट्यापर्यंत जायचं, ही त्यांची रीत. इथंही ते हलेनात. बनाबाईंनी बार छातीवर आणला, श्वास सोडला आणि मुद्दाम हात काढून घेतले.

खण्ण! म्हैस उभी राहिली. झुंबररावांनी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा बार पट्ट्यांवर होता आणि मांजर फाटकाखालून येते तशा बनाबाई मान वळवून बाहेर सरकत होत्या.

"झालं समाधान? जावा आता कामाला. तुमी हितं हुबं ऱ्हायलं की माझा श्वास चुकतोय."

झुंबरराव निघाले. फाटकाशी किक मारायला पाय उचलला, तोच गोठ्यातून पुन्हा खण्ण! पाय तिथंच थांबला. पळत जावं? त्यांनी कान दिला. मग बनाबाईंचा आवाज आला, म्हशीला उद्देशून.

"तू कशाला उठती गं सारखी? बस. तुला न्हाय उचलायची आज."

त्यातल्या 'आज'वर झुंबररावांनी थोडा विचार केला. अशक्य असं त्यांना काही वाटलं नाही. त्यांनी किक मारली आणि मागं न बघता वर्कशॉपचा रस्ता धरला.