दोन सायकलींची एक: अंबरनाथला कापली, बारवीच्या रस्त्यावर चालवली

ब्लॉग दोन वर्षं बंद का, असं विचारणाऱ्या सगळ्यांना एकदाच सांगून टाकते. माझ्या नवऱ्याची, मिलिंदची, नजर गेली. काचबिंदू होता, आम्ही डॉक्टरांकडे उशिरा गेलो, आणि त्याबद्दल एकमेकांना जेवढं बोलायचं तेवढं बोलून झालं आहे. बदलापूरचं, बेलवलीतलं भाड्याचं घर सोडून आम्ही नाशिकला त्याच्या बहिणीजवळ राहायला आलो. आमच्या दोन्ही सायकली मात्र तिथेच, शेजारच्या शिंदेवहिनींच्या जिन्याखाली राहिल्या.

बेलवलीहून बारवी धरणापर्यंत जाऊन यायचं, ही आमची अकरा वर्षांची रविवारची सवय. मला तो रस्ता परत हवा होता आणि त्यावर मिलिंद हवा होता. एकटीने जाण्यात मला काडीचा रस नव्हता. म्हणून ठरवलं, दोन्ही सायकली कापायच्या आणि एक जोडसायकल करायची. मी पुढे, तो मागे.

"मागे बसून मी काय पार्सल?" मिलिंद म्हणाला. मी वाद घातला नाही. शिंदेवहिनींच्या हातचं बोंबलाचं कालवण खायला तरी चल, एवढंच म्हटलं. त्यासाठी आला.

डिसेंबरात निघालो. नाशिकहून कल्याणला एसटीने जा, कसारा घाटात डावीकडची खिडकी घ्या, आणि कल्याणहून बदलापूरला शेअर रिक्षा करू नका, कंबर जाते. वहिनींनी सायकली पुसून ठेवल्या होत्या. मी त्या एकामागे एक उभ्या केल्या, टेप धरली आणि दोन्हींना जोडणाऱ्या मधल्या नळीचं माप घेतलं. मिलिंद आत कालवण ओरपत होता. बाहेर काय चाललंय, हे त्याने विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उल्हासनगर. तिथे काय मिळत नाही ते विचारा. शहाडच्या बाजूला एका गल्लीत नळ्यांचं दुकान आहे, मालकीणबाई सिंधी, साठीच्या, गळ्यात चष्मा. नळीच्या टोकाला गोल खाच पाडायला होलसॉ लागतं, म्हणजे कपासारखं गोल पातं, एवढं मी शिकून गेले होते. ऐटीत नळीचा व्यास सांगितला.

"जो पाइप काटना है उसका नाप नहीं मांगता, बेटा," बाई म्हणाल्या. "जिसपे बैठाना है, उसका बोलो."

खरंच की! खाच पडते एका नळीला, पण तिचा आकार ठरतो दुसरीवरून. माझा चेहरा पाहून बाईंनी पापड आणि पाणी पुढे केलं. नळी मी सांगितलेल्या लांबीची कापून दिली. नळी आणि पातं मिळून हजाराच्या आत काम झालं.

तिथून अंबरनाथ. सायकली टेम्पोने आधीच गेल्या होत्या, आठशे रुपये. भोईरांचं वर्कशॉप एमआयडीसीच्या कडेला आहे. बेलवलीच्या गच्चीवरची शेड त्यांनीच केली होती, म्हणून ओळख. नाशकातल्या तिघा वेल्डरांनी हे काम ऐकून हसून दाखवलं होतं. भोईर हसले नाहीत. त्यांनी माझी नळी हातात घेतली, दोन सायकलींच्या मध्ये धरली आणि मग हसले.

"टोकापासून टोकापरत माप घेतलाव ना, मॅडम? सगली हीच चूक करतात."

नळीच्या दोन्ही टोकांना माशाच्या तोंडासारखी खाच पडते. तिचे दोन ओठ समोरच्या नळीला कवेत घेतात आणि मधलं पोट तिला टेकतं. म्हणून माप पोटापासून पोटापर्यंत घ्यायचं आणि ओठांची लांबी त्यात जास्तीची धरायची. मी ती धरलीच नव्हती. नळी चक्क आखूड. मी भर दुपारी तिथल्या लोखंडी बाकावर बसले आणि मला रडू यायला लागलं. नळी काय, दुसरी मिळाली असती. पण एवढा खटाटोप ज्याच्यासाठी, तो बेलवलीत रेडिओ ऐकत पडला होता.

"दुसरी हाय माझ्याकडं," भोईर म्हणाले. "पन साहेबांना घेऊन या. मागच्या मानसाच्या गुडघ्याला जागा किती लागल, ते मी हवेत कसा सांगू?"

मी फोनवर मिलिंदला तेच वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. माझ्याकडून आलं असतं तर नाही म्हणाला असता.

तिसऱ्या दिवशी तो आला. भोईरांनी त्याला स्टुलावर बसवलं, गुडघे हलवायला लावले, जमिनीवर खडूने खुणा केल्या. मग ग्राइंडर सुरू झाला. आधी मिलिंदची सायकल कापायची होती. तो म्हणाला, मी धरतो. कापून होईपर्यंत त्याने फ्रेमवरचा हात काढला नाही आणि मला तिकडे बघवेना.

ज्यांना असं काम करून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी सांगते. पातळ नळीवर होलसॉ जोरात फिरवलं की दात अडकतात आणि नळी पिळवटते. भोईर नळी शिकंज्यात घट्ट धरतात, मशीन अगदी हळू फिरवतात, वरून तेल सोडतात. एक टोक झालं की नळीवर लोखंडी अँगलपट्टी लांबीच्या दिशेने टेकवून सरळ रेघ मारतात, म्हणजे दुसऱ्या टोकाची खाच फिरत नाही. वरची नळी तिरकी बसते, तिथे मशीन न वापरता लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर वळण काढून तो कागद नळीला गुंडाळतात, खडूने आखतात आणि ग्राइंडरने कापतात. शेवटी अर्धगोल कानस. फट राहिली तर पितळ वितळवून लावलेला जोड टिकत नाही.

पहिली खाच झाली तेव्हा मिलिंदने हात पुढे केला. अंगठा सावकाश कडेवरून फिरवला.

"इथे उंच आहे."

भोईरांनी नळी समोरच्या नळीला टेकवून उजेडाकडे धरली. "हाय खरा," म्हणाले आणि कानस मिलिंदच्या हातात दिली. "घासा तुमीच."

त्यानंतर प्रत्येक टोक आधी मिलिंदकडे जायचं. मी बाहेर टपरीवर दोन वडापाव खाल्ले, परत आले, तरी दोघांचं घासणं आणि भांडणं चालूच. मिलिंदच्या बोटांना लोखंडाचा काळा कीस लागला होता. त्याला कुणीतरी काहीतरी विचारतंय, असं दृश्य मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी जोड लागले. साखळ्या त्याच रात्री बदलापूरच्या एका सायकलवाल्याने बसवल्या, मिलिंदची आणि माझी पेडलं एकत्रच फिरतील अशा.

चौथ्या दिवशी सकाळी बारवीचा रस्ता. पहिल्या किलोमीटरात तीनदा पाय टेकले. मग जमलं. मी ओरडत होते, खड्डा, गतिरोधक, समोरून डंपर.

"रस्त्याचंच काय सांगतेस?" मागून आवाज आला. "बाकीचं सांग."

मग सांगितलं. भात कापून झालंय, खाचरांत खुंट राहिलेत, एक बाई शेळ्यांना शिव्या देतेय, सागाची पानं वाळलीत. चढावर पेडलं हलकी व्हायची, की समजायचं, मागचा गडी नेट लावतोय. धरणाजवळ पोचलो तेव्हा दोघांना धाप लागली होती. आम्ही काकडी खाल्ली, पाण्याचा वारा खाल्ला. मिलिंद भलताच खूश होता. मीही खूश आहे असं म्हणाले.

सायकल टेम्पोत टाकून नाशिकला परत आलो. आणि घरी आल्यावर माझं मन कशात लागेना. मागितलं ते मिळालं होतं, तरी काहीतरी उरलं होतं. दोन दिवसांनी भाजी निवडताना उमगलं. अकरा वर्षं त्या रस्त्यावर मिलिंद पुढे असायचा. घामाने भिजलेला सदरा, डावा खांदा जरासा खाली. त्याची पाठ बघत मी धरणापर्यंत जायचे. धरण, पाणी, झाडं सगळं त्या पाठीच्या आजूबाजूला असायचं. आता तो मागे बसतो आणि मला दिसतच नाही.

हे मी त्याला सांगितलं. वेड्यासारखं वाटलं, तरी सांगितलं.

"घरामागचं मैदान किती वाजेपर्यंत रिकामं असतं?" त्याने विचारलं.

रविवारी सकाळी उजाडल्याबरोबर गेलो. चिटपाखरू नव्हतं. मी सीट खालीवर केल्या. तो पुढे बसला, हँडल धरलं, मी मागून सांगायला लागले. सरळ. थोडं डावीकडे. आणखी डावीकडे. पहिल्या फेरीत गवतात पडलो. दुसरी नीट झाली. तिसऱ्या फेरीत त्याने वेग घेतला.

"अगं, बोल ना! कुठे वळू?"

मी बघत बसले होते.